ताईच्या कानातला आवाज

कृष्णेला पूर नव्हता, तरी त्या दिवशी भोंगा वाजला.

नदीची पातळी वाढली की आपोआप वाजणारे भोंगे सांगलीच्या काठावर बसवून आता बरीच वर्षं झाली होती. हेमांगी त्यांची देखभाल करणाऱ्या एका छोट्या कंपनीत अभियंता होती. पावसाळ्याआधी ती दर वर्षी स्वतः शिडीवर चढून एकेक भोंगा तपासायची. त्या सकाळी ती अशीच एका खांबावर होती. हातात पान्हा, आणि डोकं थेट भोंग्याच्या तोंडापाशी. आत कुठेतरी ओल धरलेली तार दुसऱ्या तारेला टेकली आणि अख्ख्या गावाला झोपेतून उठवण्यासाठी बनवलेला तो आवाज तिच्या डाव्या कानापासून वीतभरावर फुटला.

ती पडली नाही. पायरी पायरी उतरून खाली आली आणि जमलेल्या लोकांना "काय? काय म्हणताय?" असं विचारत राहिली. त्यांची नुसती तोंडं हलताना दिसत होती.

संध्याकाळपर्यंत कान बराचसा उघडला. पण उघडताना तो एकटा आला नाही. कुकरची शिट्टी होण्याआधी झाकणाखालून एक बारीक, ताणलेला सूर निघतो ना, तसा सूर स्वयंपाकघरात येत होता. हेमांगीनं गॅस पाहिला. बंद होता. तिनं फ्रिजची पिन काढली, मिक्सरची काढली.

"अजिंक्य, तुला काही ऐकू येतंय?"

"काय?" नवऱ्यानं बाहेरून विचारलं.

"शिट्टीसारखं."

"शेजारी काहीतरी चालू असेल."

तिनं दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबले. सूर कमी व्हायच्या ऐवजी वाढला. तेव्हा तिला कळलं, की पिना काढून उपयोग नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. कानाच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या आणि "सवय होईल" असं सांगितलं. सवय होईना. पंखा सगळ्यात मोठ्यावर लावून ती झोपायचा प्रयत्न करायची. कामावर कुणी बोलत असताना मधले शब्द गळून जायचे आणि ती अंदाजानं मान डोलवायची. जेवताना अजिंक्य काही गंमत सांगायचा, तेव्हा सगळं ऐकून झाल्यावर तिला हसायचं आठवायचं.

अजिंक्य भला माणूस होता. पण भल्या माणसालाही न दिसणाऱ्या दुखण्याचा कंटाळा येतो.

"तू त्याच्याकडे लक्षच देऊ नकोस ना," तो एकदा म्हणाला.

"मानेवर विंचू बसलाय," हेमांगी म्हणाली, "आणि तू सांगतोयस, लक्ष देऊ नकोस."

तिनं कुणापासून काही लपवलं नाही. अपवाद एकच, तिचा धाकटा भाऊ शार्दूल.

शार्दूल जन्मापासून बहिरा होता. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, तो साच्यांची आखणी करायचा आणि बायको कावेरीबरोबर तिथंच राहायचा. कामात वाकबगार, स्वभावानं तापट. लहानपणी दोघांनी मिळून हातांची एक भाषा तयार केली होती, पुढे शाळेत तो रीतसर सांकेतिक भाषा शिकला आणि त्यानं ती ताईलाही शिकवली. नातेवाइकांत, दुकानात, दवाखान्यात त्याच्या वतीनं हेमांगी ऐकायची आणि पुष्कळदा त्याच्या वतीनं बोलायचीही. "ही म्हणजे शार्दूलचे कान," असं सगळे कौतुकानं म्हणायचे. आता त्याच कानांत नको तेवढा आवाज झालाय, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? उपाशी माणसापुढे अजीर्णाचं गाऱ्हाणं मांडण्यासारखंच ते, असं ती अजिंक्यला म्हणायची. म्हणून व्हिडिओवर बोलताना ती नेहमीसारखी हसायची, आणि थकल्यासारखी का दिसतेस असं त्यानं विचारलं की पावसाळ्याच्या कामांवर ढकलायची.

*

मिरजेच्या एका नव्या संशोधन केंद्रात डॉक्टर रेहाना मुजावर भेटल्या. चाळिशीच्या, भरभर बोलणाऱ्या. टेबलावर कानाचा एक प्लॅस्टिकचा नमुना होता, त्यातला शंख त्यांनी काढून हेमांगीच्या हातात दिला.

"हा तुमच्या कानाच्या आत असतो. यात केसांसारख्या पेशींच्या रांगा आहेत. प्रत्येक जागेचा सूर ठरलेला. तो सूर आला की तिथल्या पेशी मेंदूला कळवतात. तुमच्या भोंग्यानं उंच सुरांच्या पेशी मारून टाकल्या. तिथून आता मेंदूला काहीच कळत नाही. मग तो काय करतो? जुन्या रेडिओवर स्टेशन लागेना की लोक आवाज वाढवायचे, तसा तो वाढवत जातो. स्टेशन नाहीच. ऐकू येते ती मेंदूची स्वतःची खरखर."

"म्हणजे हा आवाज खरा नाही?"

"खरा आहे. फक्त बाहेर नाही."

हे वाक्य आजवर तिला कुणीच म्हटलं नव्हतं. हातातला शंख तिनं उगाचच घट्ट धरला.

"आता दुसरी गोष्ट," डॉक्टर म्हणाल्या. "असा आवाज पुष्कळांच्या कानात असतो, पण छळतो थोड्यांनाच. कारण मेंदूच्या मधोमध एक दार आहे. बिनकामाचं ते बाहेरच थांबवतं. अंगावरचे कपडे तुम्हाला दिवसभर जाणवतात का? नाही. पण ज्याची भीती वाटते ते मात्र हे दार कधीच अडवत नाही. तुमचा मेंदू या आवाजाला अजून भोंगाच समजतोय. पळा, पाणी आलं, असं तो तुम्हाला सारखं सांगतोय."

त्यांच्या यंत्राचं नाव होतं प्रतिनाद. दोन टोप्या आणि मधे एक कपाटाएवढी पेटी. पहिली टोपी रुग्णाच्या डोक्यावर. मेंदूतल्या ऐकण्याच्या भागात पेशी ज्या ठेक्यात धडधडतात, तो ठेका तिच्यातले चुंबकीय संवेदक बाहेरूनच टिपायचे. दुसरी टोपी सोबत्याच्या डोक्यावर. माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी कवटीतून नेमक्या जागी सोडून ती तोच ठेका त्याच्या मेंदूत उमटवायची. कानाचा संबंधच यायचा नाही. सोबत्याला रुग्णाचा आवाज ऐकू यायचा, थोड्या वेळानं त्याच्या मेंदूला त्याचं काही वाटेनासं व्हायचं, आणि त्याचं दार बंद व्हायचं. ते कसं बंद झालं हे यंत्र शिकून घ्यायचं आणि तीच चाल रुग्णाच्या मेंदूला हळूहळू लावून द्यायचं.

"थोडक्यात, आम्ही मेंदूला कंटाळायला शिकवतो," डॉक्टर म्हणाल्या. "नवीन आहे. तुमच्या आधी मोजकेच लोक या खुर्चीत बसलेत."

सोबती म्हणून अजिंक्य बसला. यंत्र सुरू झालं तेव्हा तो हेमांगीकडे पाहून धीर दिल्यासारखा हसत होता. हसू तसंच राहिलं, आणि त्यामागचा चेहरा बदलत गेला. त्यानं मागं वळून पाहिलं. दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

"बंद करा," तो म्हणाला. मग ओरडलाच, "बंद करा हे!"

बाहेरच्या बाकावर तो बराच वेळ खाली मान घालून बसला. "आणि मी तुला म्हणत होतो, लक्ष देऊ नकोस," एवढंच तो शेवटी म्हणाला. हेमांगीनं त्याचा हात हातात घेतला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती त्या आवाजासोबत एकटी नव्हती.

पण उपचाराला त्याचा उपयोग होईना. पुढच्या दोन वेळीही तेच झालं. त्याचा मेंदू घाबरायचा, त्याचं दार उलट सताड उघडायचं.

"ऐकू येणाऱ्या प्रत्येकाच्या मेंदूत अशा सुराचं नाव आधीच पक्कं असतं," डॉक्टर पडद्यावरच्या रेघांकडे पाहत म्हणाल्या. "डास, ब्रेक, भोंगा, किंकाळी. मला असा मेंदू हवाय, ज्याच्याकडे नावच नाही. रक्ताच्या नात्यातला असेल तर फारच उत्तम, मेंदूची ठेवण जुळते. पण असा माणूस आणायचा कुठून?"

अजिंक्यनं बायकोकडे पाहिलं.

"नाही," हेमांगी म्हणाली. "त्याला यात आणायचं नाही."

घरी गेल्यावर अजिंक्यनं तिला न विचारता शार्दूलला सगळं लिहून पाठवलं.

*

दुसऱ्या दिवशी शार्दूल स्कूटर दामटत आला. हातातलं हेल्मेट खाली ठेवायच्या आधीच त्याचे हात बोलायला लागले.

"पावसाळा संपत आला, आणि मला आज कळतंय?"

"तुला कशाला त्रास..."

"त्रास नाही. तुला माझी दया आली." त्यानं ती खूण इतक्या जोरात केली की हेल्मेट हातातून निसटून अंगणात घरंगळलं. "ताई, तुला वाटतं मी उपाशी आहे. मी उपाशी नाही. माझं घर आहे, कावेरी आहे, काम आहे. मला काही कमी पडत नाही. पण माझी बहीण आजारी आहे हे मला भावोजींनी कळवायचं?"

हेमांगीनं हेल्मेट उचलून त्याच्या हातात दिलं.

"चल," तो म्हणाला. "कुठंय ते यंत्र?"

डॉक्टर रेहानांनी त्याला सगळं लिहून समजावलं. त्याच्या कानातला दोष शंखातला होता, मेंदूतला नव्हता. मात्र मेंदूची ऐकण्याची जागा इतकी वर्षं रिकामी राहत नाही, तिथं नजर आणि स्पर्श राहायला येतात. त्यामुळे त्याला काय जाणवेल, ते त्या सांगू शकत नव्हत्या. कदाचित काहीच नाही. नको वाटलं तर हात वर करायचा, ताबडतोब बंद करू.

शार्दूलनं खांदे उडवले आणि टोपी घातली.

यंत्र सुरू झालं. हेमांगीच्या कानात तिचा सूर नेहमीसारखाच चालू होता. शार्दूल समोर स्वस्थ बसला होता. त्यानं भिंतीवरच्या पालीकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे पाहून, काही नाही, अशी मान हलवली. डॉक्टरांनी पेटीवरचा एक आकडा किंचित वाढवला. पुन्हा काही नाही. त्यांनी आणखी थोडा वाढवला.

त्याची पापणी लवायची थांबली.

त्यानं टेबलावर तळवा ठेवला. कुठं काही थरथरलं की शार्दूलला ते असं कळायचं. दारावरची थाप, गल्लीतला ट्रक, सगळं त्याच्या तळव्यातून यायचं. त्यानं हात उचलला, पुन्हा ठेवला.

"टेबल हलत नाही," तो खुणेनं म्हणाला. मग जमिनीला पाय टेकवून पाहिले, छातीवर हात ठेवला, जबडा चाचपला. डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले.

"डोळे मिटले तरी आहे. कुठून येतंय?"

"माझ्याकडून," हेमांगीनं खूण केली.

तो तिच्याकडे पाहत राहिला. त्याच्या तोंडाचा किंचित आ झाला होता. लहानपणी घाटाच्या पायरीवर बसून पहिल्यांदा पूर पाहिला तेव्हा तो असाच दिसला होता. अंगावर येणाऱ्या पाण्याला तो तेव्हा घाबरला नव्हता. एवढं पाणी असू शकतं याचंच त्याला नवल वाटलं होतं.

"कसंय?" डॉक्टरांनी लिहून विचारलं.

त्याला खूण सापडेना. शेवटी हात शोधत शोधत बोलू लागले. "उन्हात तापलेल्या पत्र्याकडे पाहिलं की डोळ्यात चमक येते. ती चमक. पण तिला जागा नाही. मी मान वळवतो, तरी ती समोरच. आणि ती... ती संपत नाहीये." मग तो एकदम थांबला. "आत्ता वाढलं. ताई, तू रडतेयस म्हणून वाढलं का?"

हेमांगीनं डोळे पुसले. खरंच वाढलं होतं, आणि ते तिला आत्ता, त्यानं सांगितल्यावर कळत होतं.

"हस बरं," तो म्हणाला.

"असं कसं हसू?"

त्यानं डॉक्टरांच्या पाठीमागून त्यांच्या भरभर बोलण्याची हुबेहूब नक्कल केली, नुसत्या बोटांनी. हेमांगीला हसू फुटलं, आणि शार्दूलनं टेबलावर थाप मारली. "बारीक झालं! पात्याच्या धारेसारखं! आता पुन्हा जाड. हे सरळ नाहीये, हलतंय. तू हलतेस तसं हलतंय."

इतके दिवस हेमांगी त्या आवाजापासून पळत होती. थांबून त्याच्याकडे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. आता भावाचं खरं आहे का, हे बघण्यासाठी तिनं पहिल्यांदा मुद्दाम कान दिला. सूर खरंच हलत होता. श्वास आत घेतला की किंचित चढायचा, सोडला की उतरायचा. मधे कुठेतरी आणखी एक बारीक सूर होता, मोठ्याच्या आडोशाला असल्यासारखा.

डॉक्टर पडद्याजवळ उभ्या होत्या. शार्दूलच्या मेंदूची रेघ सपाट, शांत, आणि तरी पूर्ण जागी होती. "हा घाबरत नाहीये," त्या हळूच म्हणाल्या. "असं मी अजून पाहिलं नव्हतं."

"त्याला ऐकू येतंय?" हेमांगीनं विचारलं.

"तुम्हाआम्हाला येतं तसं नाही. काय येतंय, त्याला माझ्याकडे शब्द नाही."

निघताना शार्दूल म्हणाला, "कावेरीला काय सांगू? आज मी ताईला ऐकलं, असं सांगतो."

*

तो दर रविवारी येऊ लागला. काही आठवड्यांत हेमांगीला फरक जाणवला. पंखा न लावता झोप लागली. एकदा भाजी चिरताना तिच्या लक्षात आलं, की आपण अर्धा तास आवाजाची आठवणच काढली नाही. आठवण काढताच तो आला, पण आता तो दाराशी उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसासारखा वाटला.

मग डॉक्टर म्हणाल्या, "पुढची बैठक शेवटची. दार लागत आलंय. त्यानंतर तुमचा आवाज इतका मंद होईल की यंत्रालाही धरता येणार नाही."

पुढच्या रविवारी हेमांगी मिरजेला गेली नाही. तिनं डॉक्टरांना फोन केला. आता पुरेसं बरं वाटतंय, इथंच थांबू या, म्हणाली. डॉक्टरांनी कारण विचारलं, तेव्हा तिनं काहीतरी थातूरमातूर सांगितलं.

शार्दूल केंद्रात वाट पाहून थेट तिच्या घरी आला. ती ओट्याशी उभी होती. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला, म्हणजे तिला त्याचे हात पाहावेच लागतील.

"का आली नाहीस?"

"बरी आहे मी आता."

"खोटं."

हेमांगीनं पोळपाट बाजूला सारला. "शार्दूल, तुला आयुष्यात एकच आवाज मिळालाय. तो बंद करणारी मी कोण? मला आता त्याचा तेवढा त्रास नाही. राहू दे तो. तू येत जा."

त्याचे हात नेहमीपेक्षा सावकाश हलले.

"शाळा तू निवडलीस. लहानपणी मला कानाचं यंत्र लावायचं का नाही, तेव्हाही डॉक्टरांशी तूच बोललीस. काकांकडे मी काय म्हणालो, तेही तूच सांगायचीस, आणि मी म्हणालो त्यापेक्षा चांगलं सांगायचीस. आता माझ्यासाठी आजारीही तूच राहणार?"

"तसं नाही रे."

"तसंच आहे. मला तो आवाज आवडतो. खूप आवडतो. कधी कधी कामावर मी डोळे मिटून तो आठवायचा प्रयत्न करतो." त्यानं ओट्यावरचं पीठ बोटानं उगाच ओढलं. "पण ती तुझी जखम आहे, ताई. मी तिच्यावर फुंकर घालायला आलो होतो. ती उघडी ठेव असं म्हणायला नाही. उद्या मला आणखी ऐकावंसं वाटलं तर डॉक्टर आहेत, यंत्रं आहेत, माझं मी बघीन. आणि नाही वाटलं तरी माझं मीच बघीन."

हेमांगी रडली नाही. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि विचारलं, "स्कूटरवर जायचं का माझ्या गाडीतून?"

*

शेवटच्या बैठकीला डॉक्टरांनी खोलीचे पडदे अर्धे ओढले. यंत्र सुरू झालं. शार्दूलनं मागितलं म्हणून पहिली काही मिनिटं त्यांनी कशालाच हात लावला नाही. तो डोळे मिटून, पाठ ताठ ठेवून, मनापासून ऐकत होता. मग त्यानं मान हलवली.

डॉक्टर मेंदूतलं ते दार लावू लागल्या.

शार्दूलनं उजवा हात हनुवटीपाशी धरला. त्याला जाणवत होता तेवढा आवाज तो हातानं दाखवत होता. हात छातीवर आला. मग पोटापाशी. हेमांगीच्याही कानात सूर मागं सरकत होता, घाटावरून पाणी उतरावं तसा, कळेल न कळेल इतक्या संथपणे. आडोशाचा बारीक सूर आधी गेला. मग मोठा विरळ झाला, तुटक झाला. शार्दूलचा तळवा टेबलावर टेकला आणि तिथंच थांबला.

पडद्यावर हेमांगीच्या सुराची रेघ सपाट झाली. "गेला का?" डॉक्टरांनी लिहिलं.

शार्दूलनं बोट वर करून त्यांना थांबवलं. त्याचे डोळे उघडले होते आणि पहिल्या बैठकीतल्यापेक्षाही मोठे झाले होते.

"गेला," तो हळूहळू म्हणाला. "दर वेळी यंत्र बंद झालं की सगळंच एकदम जायचं. आज मागं काहीतरी राहिलंय. तो होता तिथं आता जागा आहे. मोठी. केवढी मोठी! ताई, याला काय म्हणतात?"

हेमांगीला आधी कळलं नाही. मग कळलं. तिनं दोन्ही तळवे ओठांपासून खाली, बाहेर सोडत नेले. शांतता.

"ही?" त्यानं तीच खूण करून पाहिली. पुन्हा केली, जणू हात पहिल्यांदाच तिचा अर्थ तपासत होते. "शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असायचं, शांतता राखा. मला हसू यायचं. वाटायचं, आमच्याकडे दुसरं आहेच काय? पण माझ्याकडे ही नव्हती. माझ्याकडे काहीच नव्हतं. ही आज आली."

डॉक्टर रेहाना टोप्या काढायला पुढे झाल्या होत्या. त्या मधेच थांबल्या आणि खुर्ची ओढून गुपचूप बसल्या.

"तुझ्याकडेही आहे?" शार्दूलनं विचारलं.

हेमांगीनं कान दिला. खिडकीबाहेर कुणीतरी पायऱ्या झाडत होतं. रस्त्यावरून एक रिक्षा आली आणि गेली. ती गेल्यावर तिच्या मागं काय उरतं, ते हेमांगी शोधत राहिली.

"आहे," तिचे हात म्हणाले. "माझ्याकडेही आहे."

मग दोघं बहीणभाऊ ती ऐकत बसले.